मॉड्यूल कुठलं घेऊलालास?

बाहेरगावच्या माणसाला बेळगावजवळचं आमचं हिंडलगा दोनच गोष्टींमुळे माहीत असतं. एक गणपतीचं देऊळ आणि दुसरं 1923 सालचं सेंट्रल जेल. त्यामुळे 'जरा हिंडलग्याला जाऊन आलो' असं कुणी म्हणालं की ऐकणारा क्षणभर थांबतो, समोरच्याचा चेहरा बघतो आणि मगच प्रसाद मागतो.

अलीकडे देवळातल्या गर्दीत एक नवा वर्ग दिसायला लागलाय. पूर्वी दहावी-बारावीची पोरं हॉल तिकीट देवाच्या पायाशी ठेवायची. आता तिशी ओलांडलेले, केस विरळ झालेले, कमरेला कंपनीचं ओळखपत्र लटकवलेले गृहस्थ मोबाइलवरचा ईमेल गाभाऱ्याच्या दिशेनं धरून उभे असतात. सर्टिफिकेशनची परीक्षा असते. एसएपी, सेल्सफोर्स, डायनॅमिक्स, यांतलं काहीतरी. देवानं आजवर वाटणीचे दावे, अडलेली लग्नं, जळालेले पंप सगळं ऐकून घेतलंय. 'सोर्सिंग अँड प्रोक्युअरमेंट' त्यालाही नवं आहे.

पास होऊ दे, हे मागणं सोपं. खरा घोळ त्याच्या आधीचा असतो: बसायचं कुठल्या परीक्षेला? माझा भाचा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत डिस्पॅचला आहे, त्याआधी स्टोअरला होता. त्याच्या डोक्यात सर्टिफिकेशन शिरलं आणि त्यानं ते कट्ट्यावर बोलून दाखवलं. हिंडलग्यात एखादी गोष्ट कट्ट्यावर बोलली की ती आपली राहत नाही. दुसऱ्या दिवसापासून दूधवाल्यासकट सगळे विचारायला लागले, "काय रे, मॉड्यूल कुठलं घेऊलालास?"

ज्यांच्या घरात अजून हा रोग शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1972 साली जर्मनीत आयबीएममधले पाच इंजिनिअर नोकरी सोडून बाहेर पडले. आमच्याकडे पाच जण एकदम नोकरी सोडून बाहेर पडले तर पतसंस्था काढतात. त्यांनी एसएपी काढली. कल्पना अशी की स्टोअरची वही वेगळी, विक्रीची वेगळी, हिशेबाची वेगळी हा प्रकार बंद. गेटवर माल आत आला की त्याच क्षणी तो खात्यावरही चढला पाहिजे. ही कल्पना इतकी चालली की पुढे पुण्या-बिण्याकडच्या मोठ्या कारखान्यांनी ते सॉफ्टवेअर घेतलं आणि आपल्याला कास्टिंग पुरवणाऱ्यांनाही त्याच शिस्तीला जुंपलं. असा हा जर्मन कारभार उद्यमबागेत उतरला. मालकाला जर्मनी कुठं आहे ते नक्की सांगता येणार नाही, खरं आपला व्हेंडर कोड झोपेतून उठवून विचारा, म्हणून दाखवेल.

तर या सॉफ्टवेअरचे विभाग म्हणजे मॉड्यूल. एफआय म्हणजे हिशेब, सीओ म्हणजे खर्चाची मांडणी, एमएम म्हणजे खरेदी आणि साठा, एसडी विक्री, पीपी उत्पादन, क्यूएम तपासणी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एबॅप, सर्व्हर राखणाऱ्यांसाठी बेसिस. प्रत्येकाची परीक्षा निराळी, आणि एका परीक्षेची फी भरताना दुसरीचा मोह होतोच.

कट्ट्यावरच्या मंडळींनी ही अक्षरं आपापल्या परीनं लावून घेतली. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले आमचे सुभेदारसाहेब म्हणाले, "डोळे झाकून क्यूएम घे. क्यूएम म्हंजे क्वार्टरमास्टर. पेट्रोलपासून पायमोज्यापर्यंत समदं त्याच्या हातात. कर्नल बी त्याला दबून असतंय." तिथं क्यूएम म्हणजे मालाची तपासणी, हे त्यांना समजावून सांगितल्यावर "मग काय अर्थ नाय" म्हणून त्यांनी तंबाखू मळायला घेतली. कोर्टात कारकुनी केलेले एक गृहस्थ पीपीवर अडून बसले. आयुष्य पब्लिक प्रॉसिक्यूटरच्या मागे फायली वाहण्यात गेल्यामुळे पीपीला मान असतो हे त्यांच्या मनावर कोरलेलं. घरी आमच्या सौभाग्यवतींनी वेगळाच मुद्दा काढला. "एमएम म्हंजे मिलिमीटरच की? त्याला सर्टिफिकेट कशाला लागतंय, चांगली पट्टी आण म्हणावं."

यात खरा धोका पुण्याहून सुट्टीला येणाऱ्या जावयांचा. ते अक्षरांचा अर्थ लावत बसत नाहीत, ते दाखले देतात. "माझ्या रूम पार्टनरनं एफआय केलं, आज तो फ्रँकफुर्टला आहे." दुसऱ्या घरचा जावई सांगतो, "आमच्या ऑफिसातल्या एकानं एसडी केलं, बाणेरला फ्लॅट घेतला." प्रत्येक मॉड्यूलमागे कुणीतरी फ्लॅट घेतलेलाच असतो. ज्यांनी फी भरली, परीक्षा पास झाले आणि अजून त्याच टेबलावर तेच चलन टाइप करतायत, ते कट्ट्यावर फिरकत नाहीत. आलेच तर पाऊसपाण्याबद्दल बोलतात.

भाच्याचा मावसभाऊ बंगळूरला. तो राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं सकाळी उतरला आणि चहाच्या आत एसएपीचा निकाल लावून मोकळा झाला. "ते म्हाताऱ्यांचं रे. सेल्सफोर्स कर." सेल्सफोर्स ही 1999 साली सॅन फ्रान्सिस्कोत निघालेली कंपनी. गिऱ्हाईक कोण, त्याच्याशी बोलणं कुठवर आलं, तक्रार काय, ऑर्डर कधी मिळेल, हे सगळं ब्राउझरमध्ये मांडून ठेवणारं त्यांचं सॉफ्टवेअर. सुरुवातीला त्यांनी स्वतःची जाहिरात 'नो सॉफ्टवेअर' अशी केली. सॉफ्टवेअर विकणाऱ्यानं सॉफ्टवेअर शब्दावर काट मारायची आणि तरीही ते खपवायचं, हे धैर्य आमच्या खडेबाजारातल्या व्यापाऱ्यांनाही सुचलेलं नाही.

सेल्सफोर्सची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. शिकणं फुकट आहे. 2014 पासून त्यांची 'ट्रेलहेड' म्हणून शाळा आहे. धडा संपला की बिल्ला मिळतो. शंभर बिल्ले आणि पन्नास हजार गुण झाले की तुम्ही 'रेंजर'. मावसभाऊ रेंजर झालेला. हे सुभेदारसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी त्याला उभा-आडवा न्याहाळला आणि विचारलं, "सर्व्हिस किती वर्सं?" तो म्हणाला, "दोन महिन्यांत झालो, काका." त्या दिवसापासून साहेबांचा संगणक या वस्तूवरचा विश्वास जो उडाला तो उडालाच.

शिकणं फुकट, परीक्षा नाही. ॲडमिनिस्ट्रेटरच्या पहिल्या परीक्षेलाच दोनशे डॉलर, वर कर. साठ प्रश्न, एकशे पाच मिनिटं, पासष्ट टक्क्यांना पास. शिवाय आणखी पाचेक प्रश्न असे असतात की ज्यांचे गुण धरतच नाहीत. पण ते कुठले हे सांगत नाहीत. म्हणजे ज्या प्रश्नावर घाम गाळून, गणपतीचं नाव घेऊन तुम्ही सहा मिनिटं घालवली, तो हिशेबात नव्हताच, असं होऊ शकतं. पुढे वाट फुटते. ज्याला माउसनं सगळं जुळवायचं त्यानं ॲप बिल्डर, ज्याला कोड लिहायचा त्यानं डेव्हलपर. डेव्हलपरनं आपला एपेक्स कोड नुसता लिहून चालत नाही. त्यातला किमान पंचाहत्तर टक्के भाग चाचणीतून गेल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या चालू यंत्रणेवर चढतच नाही. आमच्या रस्त्यांच्या डांबराला हा नियम लावला तर किती बरं होईल, पण तो विषय वेगळा.

या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वर्षातून तीनदा येते: स्प्रिंग, समर आणि विंटर. पावसाळा नाही. जूनपासून चार महिने ज्या गावात चादरी वाळत नाहीत त्या गावातल्या पोरांनी अभ्यास करायचा, आणि ऋतूंत पावसाळाच नाही! मला तर तिथंच हे आपलं नव्हे असं वाटलं.

मायक्रोसॉफ्टचं डायनॅमिक्सही आहेच. त्यातलं बिझनेस सेंट्रल हे मूळ डेन्मार्कचं नॅव्हिजन. 2002 साली मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी विकत घेतली. मध्यम कारखान्यांना ते परवडतं. परीक्षेचं नाव एमबी-800 आणि पास व्हायला हजारात सातशे लागतात, आणि हे सातशे म्हणजे सत्तर टक्के नव्हेत, असं मायक्रोसॉफ्टच बजावून सांगते. प्रश्नांच्या अवघडपणावर गुण बेतलेले असतात म्हणे. सातशे म्हणजे सत्तर टक्के नसतील तर मग काय, हे घरच्यांना समजावण्यात भाच्याचा एक रविवार गेला. यापलीकडे मला त्याबद्दल बोलायचं नाही, कारण कट्ट्यावर त्याच्या बाजूनं फ्लॅट घेतलेला कुणीच निघाला नाही.

या सगळ्या धांदलीत एका सॉफ्टवेअरचं नाव कुणीच काढलं नाही. टॅली. 1986 साली श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी सुरू केलेलं, बंगळूरचं. भरत गोयंकांना 2020 साली पद्मश्री मिळाली. गणपत गल्लीतलं कापडाचं दुकान घ्या, रविवार पेठेतला मिरचीचा घाऊक व्यापारी घ्या, नाहीतर उद्यमबागेतलं मशिन शॉप, मागच्या खोलीत एक अकाउंटंट बसलेला असतो आणि त्याची बोटं न बघता एफ5, एफ8, एफ9 वरून फिरत असतात. पेमेंट, विक्री, खरेदी. टॅलीचीही सर्टिफिकेटं मिळतात. या माणसानं ती घेतलेली नसतात. त्याच्या पोराच्या बायोडेटात 'वडील टॅली ऑपरेटर' असं लिहीत नाहीत, 'खाजगी नोकरी' लिहितात. पण तो तापानं आडवा पडला की मालक त्याच्या घरी शहाळी घेऊन जातो. सर्टिफाइड कन्सल्टंटला शहाळं मिळालेलं मी अजून पाहिलेलं नाही.

त्या मागच्या खोलीत काय चालतं ते या सीमाभागात येऊन बघावं. आमच्या दारावरून जाणाऱ्या वेंगुर्ला रस्त्यानं सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची ओलांडलं की शिनोळी. शिनोळी महाराष्ट्रात, तिथं एमआयडीसी. उद्यमबागेत ओतलेलं कास्टिंग मशिनिंगला तिकडे जायचं म्हणजे ट्रकवाल्याची एक बिडी पुरते एवढं अंतर. पण कागदावर तो माल कर्नाटकातून महाराष्ट्रात गेला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न 1956 पासून पेटलेला, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडलेला. जीएसटीनं 1 जुलै 2017 रोजी तो दोन आकड्यांवर आणून ठेवला: 29 म्हणजे कर्नाटक, 27 म्हणजे महाराष्ट्र. गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबराच्या सुरुवातीला 29 दिसलं की कर केंद्र-राज्य असा अर्धा-अर्धा, 27 दिसलं की सरळ आयजीएसटी. भाषा कुठली, बहुसंख्य कोण, सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालात काय लिहिलंय, असलं संगणक काही विचारत नाही.

पुढची गंमत अशी की मशिनिंगला पाठवलेला माल विकलेला नसतो. तो चलनावर जातो आणि चलनावर परत यायचा असतो, एका वर्षाच्या आत. नाही आला तर गेला त्याच दिवशी विकला असं धरून कर मागतात. दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला पाठवताना किंमत पन्नास हजारांच्या आत असली तरी ई-वे बिल लागतंच. शिवाय कास्टिंग ओततात किलोवर, विकतात नगावर. शंभर नग गेले, अठ्ठ्याण्णव आले, दोन रिजेक्ट, त्यांचं वजन भंगारात, कातलेला चुरा शिनोळीतच राहिला, तो कुणाचा? हा चुरा आजवर ज्यानं ज्यानं वहीत बसवला त्याला जगातलं कुठलंही मॉड्यूल जड जाणार नाही, हे माझं ठाम मत आहे.

भाच्याला हे उमगलं ते अभ्यासक्रम उघडल्यावर. एसएपीत मालाच्या प्रत्येक हालचालीला आकडा असतो. ऑर्डरीवरचा माल आत घेतला की 101. पुरवठादाराला परत पाठवला की 122. बाहेर जॉबवर्कवाल्याकडे दिला की 541. "मामा, हे तर मी रोज करूलालोय की! नुसता आकडा माहीत नव्हता." त्याच्या मामींना 101 चा आकडा फार पसंत पडला, कारण आहेराचं पाकीटही तेवढ्याचंच असतं. माल घेण्याच्या पडद्याचं नाव 'मिगो' आणि बिल चढवण्याच्या पडद्याचं 'मिरो' हे ऐकल्यावर त्यांनी ती कुणाची जुळी, असंही विचारून घेतलं.

असं असूनही त्याचा निर्णय महिनाभर लांबला, कारण मध्ये क्लासवाले आले. हैदराबादच्या अमीरपेटला या विद्येचे इतके क्लास आहेत की पाट्यांमागे इमारती दिसत नाहीत, आणि त्यांचे फोन हिंडलग्यापर्यंत पोचतात. फोनवरची बाई आधी आपलं नाव सांगते, मग 'शंभर टक्के जॉब गॅरंटी' सांगते आणि मग आवाज उतरवून, "दोन वर्षांचा एक्स्पिरियन्स पण लावून देतो सर," असं म्हणते. अनुभव लावून मिळतो हे ऐकून मी थक्क झालो. आमच्या पिढीनं अनुभव घेण्यात उगाच तारुण्य घालवलं. दुसरा प्रकार डम्पवाल्यांचा. परीक्षेत आलेले प्रश्न पाठ करून बाहेर आणायचे आणि विकायचे. नियमात हे चोरीतच मोडतं, पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं. पण त्याहून वाईट म्हणजे डम्पमधली निम्मी उत्तरं चुकीची असतात आणि पोरं ती चूक बिनचूक पाठ करतात.

आता परीक्षा. ती घरूनही देता येते, कॅमेऱ्यासमोर. त्याच्या अटी भाच्यानं मोठ्यानं वाचून दाखवल्या. खोलीत एकटंच बसायचं. दार बंद. टेबलावर काही नाही, घड्याळ नाही, कागद नाही, मोबाइल हाताच्या अंतरावर नाही. कॅमेरा फिरवून आधी चारही भिंती दाखवायच्या. नजर पडद्यावरून हलवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत, मध्येच उठायचं नाही. कुणी आत आलं तर परीक्षा रद्द. अटी ऐकताना सगळ्यांचं लक्ष आपोआप खिडकीबाहेर, रस्त्यापलीकडे त्या मोठ्या भिंतीच्या दिशेनं गेलं. तिथं निदान नातेवाइकांना भेटायची वेळ तरी ठरलेली असते.

आमच्या घरात बंद दार ही कल्पनाच नाही. दार बंद दिसलं की आतल्या माणसाला बरं नाही असं समजून पहिल्यांदा आजी आत जाते, मग काढा जातो. शिवाय लाईटचा भरवसा नाही, समोरच्या मंडळात ढोलांचा सराव, आणि भाच्याला ओठ हलवल्याशिवाय वाचता येत नाही, कारण शाळेत त्याला मोठ्यानं वाचायची छडी मारून सवय लावलेली. शेवटी त्यानं पुण्याच्या केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायचं ठरवलं. बसचं तिकीट फीच्या मानानं काहीच नव्हतं.

बसला एमएमलाच. पास झाला. फाउंड्रीच्या मालकांनी केबिनमध्ये बोलावून हात मिळवला, सर्टिफिकेटची प्रिंट दोन्ही बाजूंनी बघितली आणि म्हणाले, "छान झालं की. म्हंजे आता आपल्या प्रिंटरचं बी तूच बघणार."

एवढं पाहिल्यावर मला विचाराल तर माझं म्हणणं सरळ आहे. तुमच्या हाताला आज जे काम आहे त्याचंच सर्टिफिकेट घ्या. स्टोअर किंवा खरेदीत असाल तर एमएम, जर्नल एंट्री झोपेत करत असाल तर एफआय. गिऱ्हाइकांचे फोन घेण्यात आयुष्य गेलं असेल तर सेल्सफोर्सचं ॲडमिनिस्ट्रेटर बरं, शिकायला पैसे पडत नाहीत. कोड लिहायची खाज असेल तर एबॅप नाहीतर एपेक्स. टॅलीवाल्यांनी स्वतःला कमी समजू नये. बिझनेस सेंट्रल त्यांना शेजारचंच गाव वाटेल. ज्यानं कधी गोडाऊनचं तोंड पाहिलेलं नाही, त्यानं आधी वर्षभर एखाद्या कारखान्यात चलनं फाडावीत. क्लासवाल्यांना द्यायचे पैसे वाचतील आणि वर पगार मिळेल. एसएपी घेणाऱ्यांनी परीक्षेच्या नावामागची आवृत्ती तेवढी तपासावी. ईसीसी या जुन्या आवृत्तीची नियमित देखभाल कंपनी 2027 अखेर थांबवणार आहे, आता चलती एस/4हाना या नव्या आवृत्तीची. जुन्याचे क्लास मात्र अजून जोरात आहेत, कारण शिकवणाऱ्यांना तेच येतं.

आणि पास झालात तर कुंदा जरूर वाटा, पण बेतानं. एसएपी असो, सेल्सफोर्स असो की मायक्रोसॉफ्ट, सर्टिफिकेट टिकवायचं तर दर वर्षी पुन्हा काहीतरी सोडवून दाखवावं लागतं, आणि एकदा खाल्लेला कुंदा शेजारी दर वर्षी मागतात.